राजाची ढोरं कोण ओढत होतं?

या अंकासाठी आलेल्या टपालात भोंगवलीचं एक जाड पाकीट होतं. भोंगवली म्हणजे भोर तालुक्यातलं. पाठवणारा पोरगा वीस वर्षांचा, पुण्यात कॉलेजला, सुटीला गावी गेलेला. नाव छापत नाही, त्यानंच नको म्हटलंय. आत हातानं लिहिलेली बावीस फुलस्केप पानं आणि वर टाचलेली चिठ्ठी : 'दादा, हे कथा म्हणून छापू नका. लेख म्हणून छापा. संपादकीयाच्या शेजारी.'

मजकूर असा. भोंगवलीच्या शिवारात विहीर खणताना तांब्याचं एक चाक निघतं. चाकावर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. आपला एक पोरगा ती वाचतो. त्यात पाच हजार वर्षांपूर्वीच्या नीराकाठच्या नागराज्याची हकिकत असते. तिथं जात नाही. देऊळ नाही, भट नाही. बाई-पुरुष सारखे. धान्याचं कोठार सगळ्यांचं. राजा आपला, काळा, रुंद छातीचा, न्यायी. मग उत्तरेकडून घोडेवाले येतात, एका रात्रीत सगळं जाळतात आणि वाचलेल्यांना गावाबाहेर बसवतात. ते वाचलेले म्हणजे आपण.

वाचताना मी हललो, खोटं कशाला बोलू? पोराच्या हातात ताकद आहे. जळण्याचा प्रसंग तर असा लिहिलाय की कागद गरम लागतो. पण बाविसाव्या पानावर मी अडकलो आणि फोन लावला. म्हटलं, "चाक कुठंय?"

तो गप्प. मग म्हणाला, "चाक नाही दादा. पण असू शकलं असतं ना?"

रविवारी स्वारगेटला एस.टी. धरली आणि गेलो.

आता त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती बाजू त्याच्या एकट्याची नाही. तुमच्यातल्या निम्म्यांच्या मोबाईलमध्ये असले लेख पडलेले आहेत आणि निम्म्यांनी ते पुढं ढकलले आहेत. तो म्हणाला, आमच्याच तालुक्यात बघा. भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात आटलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. दर वर्षी पेपरात फोटो. दर वर्षी मथळा, 'पांडवकालीन मंदिर पाण्याबाहेर'. पांडव काय भोरला रेशनकार्ड काढून राहिले होते? प्रत्येक लेणं पांडवांचं, प्रत्येक मोठा दगड भीमाचा. बुद्धाची लेणी आहेत तिथंसुद्धा पांडवच. पुरावा कोण मागतं? त्यांचं खोटं चालतं, ते परंपरा. आपण एक चाक काढलं तर लगेच, 'चाक कुठंय?'

मला लगेच उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही याला कारण आहे. त्याच्या वयात मी स्टेजवर हेच बोललोय. 'सिंधू संस्कृती आमची, मोहेंजोदडो आमचं, आम्ही या देशाचे राजे!' टाळ्या पडायच्या. टाळ्या पडल्यावर माणूस पुन्हा तेच बोलतो, जरा वाढवून बोलतो. आणि सभेला आलेला जो माणूस सकाळी मुकादमाच्या शिव्या खाऊन आलेला असतो, त्याला रात्री दोन तास राजा झाल्यासारखं वाटतं, यात वाईट काय, असं तेव्हा वाटायचं.

आम्ही ओट्यावर बसून हे बोलत होतो. त्याची आज्जी आत चुलीपाशी. मध्येच तिनं पोराला विचारलं, "राजा हुता म्हंतूस ना? मंग त्येची मेल्याली ढोरं कोन वढत हुतं रं?"

पोरगा हसला. "आज्जी, तेव्हा जातच नव्हती."

"जात नव्हती. ढोरं तर मरत आस्तील."

आज्जीचं माहेर दुसरीकडचं. छप्पनच्या दीक्षेनंतर तिच्या बापानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, तर त्या गावानं बलुतं बंद केलं. ती तेव्हा लहान होती, पण कोणत्या घरानं कधी भाकरी बंद केली हे तिला अजून क्रमानं सांगता येतं. तिच्यासाठी राज्य चांगलं की वाईट हे ठरवायची खूण एकच. मेलेलं कोण उचलतं?

मित्रांनो, शाळेत आपण काय घोकलं? मोहेंजोदडोच्या गटारी. किती सुंदर, किती सरळ, विटांनी बांधलेल्या, वर झाकणं. 'प्रगत नगररचना' लिहिलं की दोन मार्क. त्या गटारीत उतरत कोण होतं, हा प्रश्न आपल्याला एकाही मास्तरानं घातला नाही. आपण विचारला नाही, हे जास्त वाईट. इथं मैला उपसायला बंदीचा कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला, तरी माणसं मॅनहोलमध्ये गुदमरून मरतायत आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे कुणी सांगायला नको. अशा आपण लोकांनी गटारीचं झाकण बघून टाळ्या वाजवायच्या?

मग मी पोराला म्हटलं, चाक पाहिजे ना तुला? आहे चाक. खरं आहे. नीरेला नाही, प्रवरेला आहे.

दायमाबाद. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, श्रीरामपूर तालुका, प्रवरेचा डावा काठ. आज तिथं गाव नाही, ओसाड पांढरीचं टेकाड आहे. १९५८ ला बोपर्डीकरांनी ती जागा हेरली. म. न. देशपांडे, मग एस. आर. राव, मग साळी, अशा तिघांनी वेगवेगळ्या वेळी तिथं उत्खनन केलं. एकावर एक पाच संस्कृतींचे थर निघाले. त्यातला एक उत्तर-हडप्पा काळाचा, म्हणजे सिंधूची शहरं मोडत असताना किंवा मोडल्यावर तिकडची माणसं किंवा त्यांची रीत इथं दख्खनपर्यंत आल्याचा. कच्च्या विटांनी बांधलेलं एक थडगं निघालं. सिंधू लिपीच्या खुणा असलेल्या मातीच्या मुद्रा निघाल्या.

पण दायमाबादचं नाव जगात ज्यामुळं झालं ते यातल्या कुणालाच सापडलेलं नाही. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल नावाचा माणूस झाडाचं मूळ खणत होता. कुदळ धातूवर वाजली. खालून चार वस्तू निघाल्या. दोन बैलांचा रथ, पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, त्यात उभा राहून हाकणारा वीतभर माणूस. चार चाकांच्या चौरंगावर उभा रेडा. हत्ती. गेंडा, त्यालाही चाकं. सगळं भरीव ओतीव काम, चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. पोकळ नाही, पत्र्याचं नाही, भरीव! चार हजार वर्षांपूर्वी एवढा धातू वितळवणारी भट्टी कुणीतरी पेटवली, भाता कुणीतरी मारला, हात कुणाचे तरी भाजले. मिरवणुकीत ही चाकं ओढत असावेत असा एक तर्क आहे.

१९७४ साल आपल्या डोक्यात वेगळ्या कारणानं कोरलेलं आहे. जानेवारीत वरळी पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. पँथर त्याच साली फुटली. आपली माणसं मुंबईत डोकी फोडून घेत होती, एकमेकांचीही फोडत होती, आणि त्याच साली प्रवरेकाठी एक भिल जमीन खणत होता. दोन गोष्टींचा संबंध नाही, मला माहीत आहे. पण आपल्या सभांमध्ये १९७४ शेकडो वेळा आलं असेल, छबू भिलाचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. माझ्या तोंडूनही नाही.

या माणसाचं नाव निदान कागदावर राहिलं, म्हणून ते आज घेता येतं. बाकी ठिकाणी काय लिहितात? 'एका शेतकऱ्याला', 'मजुरांना', 'स्थानिकांना'. पण नाव राहिलं ते कसं राहिलं तेही बघा. एका बाजूला डॉक्टर, प्राध्यापक, संचालक. दुसऱ्या बाजूला छबू, आणि आडनावाच्या जागी जात. देशपांडे आडनावसुद्धा वतनाचं, पण ते वाचताना आपल्याला वतन दिसत नाही, माणूस दिसतो. भिल म्हटलं की माणूस दिसत नाही, जात दिसते.

आता कायदा ऐका, कारण पोरानं विचारलं, "मग त्याला काय मिळालं?" कायदा निखात निधीचा, इंग्रजांनी १८७८ ला केलेला. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर वाटा गेला, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मालक निघाला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जागेच्या धन्याचा. वाचायला बरं वाटतं. पण सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर किंमत कशी लावायची? वस्तूतल्या मालाची किंमत, अधिक त्याचा पाचवा हिस्सा. मालाची! म्हणजे कांसं किती किलो, भाव काय, वर वीस टक्के. भंगारवाल्याकडं तांब्याची तार घालणाऱ्या आपल्या पोरांना हा हिशेब पाठ आहे. रथ काचेआड गेला की अमोल, खणणाऱ्याच्या हातात असला की मोड. कलावस्तू कधी होते? हात बदलले की होते.

पोरगा आता सरसावून बसला. म्हणाला, "म्हणजे तो रथ आपला?"

बघा. पुन्हा तेच!

त्या रथाचं वय काय यावरच भांडण आहे. ढवळीकर आणि साळी त्याला उत्तर-हडप्पा म्हणतात, म्हणजे इसवी सनापूर्वी दोन हजारच्या आसपास. डी. पी. अग्रवालांनी धातू तपासून शंका काढली. त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे आणि त्या काळच्या इतर वस्तूंत तसं मिश्रण सापडत नाही. वस्तू थरात, जागेवर, मोजमाप करून निघाल्या असत्या तर भांडण कमी झालं असतं. वयाचीच ही गत, तर तो रथ हाकणारा वीतभर माणूस भिल होता, नाग होता, की आणखी कोण, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? राखीगढीच्या एका बाईच्या हाडातून जनुकं काढली. २०१९ ला तो निबंध आला. तिच्यात गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. लगेच एक टोळी म्हणाली बघा, आर्य आलेच नाहीत. दुसरी टोळी म्हणाली बघा, आर्य नंतर आले. बाई बिचारी चार हजार वर्षांनी ओढाताणीत सापडली. ती आयुष्यभर काय काम करत होती हे दोन्ही टोळ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

राजा पाहिजेच असेल तर तोही आपल्या जिल्ह्यात निघालाय. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खणलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी. सव्वाशेच्या वर घरं निघाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. पाट काढून पाणी आणलेलं, पुराला बांध घातलेला, सार्वजनिक कोठार. आता आमच्या लेखकाचं नागराज्य जवळजवळ हेच, नाही का? कोठार आहे, देऊळ नाही, भट नाही.

पण कोठार कुणाच्या घराला लागून आहे? गावातल्या सगळ्यात मोठ्या, पाच खोल्यांच्या घराला. बरी घरं मध्यावर. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा, यांची घरं पश्चिमेच्या कडेला. तिथं तेव्हा चातुर्वर्ण्य होतं असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. कडेचे आणि मधले होते, एवढंच.

आणि मेलेली माणसं. मेलेल्यांना घरातच, जमिनीखाली पुरायचे. तान्ही पोरं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठी माणसं खड्ड्यात आडवी, आणि घोट्याखाली पाय तोडलेले. मेलेल्यानं उठून चालत जाऊ नये, भूत होऊन फिरू नये, असा त्यामागचा समज असावा, असं अभ्यासक म्हणतात. पण त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक वेगळंच दफन निघालं. कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट फुगलेल्या माणसासारखा रांजण. आत चाळिशीचा पुरुष, बसवलेला. त्याचे पाय शाबूत. ढवळीकरांनी त्याला गावाचा प्रमुख मानलं.

हे सांगितलं तेव्हा ओट्यावर कुणी बोललं नाही. आज्जीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला नंतर एस.टी.त वाटलं, मी फार घाई केली. राजाचे पाय शाबूत म्हणजे जुलूम, असं एका रांजणावरून ठरवता येत नाही. कदाचित त्याचं भूत फिरलेलं लोकांना हवं होतं. कदाचित त्याची भीती होती. पण सगळ्यांचे पाय तोडून एकाचे ठेवायचे, हा फरक तर कुणीतरी केलाच ना, आणि तोही घोडेवाले यायची वाट न बघता.

पुढं त्या गावाचं काय झालं? कुणी एका रात्रीत जाळलं नाही. इसवी सनापूर्वी हजारनंतर पाऊस हटला असं दिसतं. चौकोनी मोठी घरं गेली, गोल झोपड्या आल्या. शेती आकसली. सातशेच्या सुमाराला गाव उठलं. अशी उठलेली गावं आपण बघितलीत. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईच्या पुलाखाली आलेली बिऱ्हाडं बघितलीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे आईबाप तुमच्यातल्या किती जणांच्या घरात अजून आहेत. दुष्काळात आधी कोण उठतं आणि पाच खोल्यांच्या घरातला कधी उठतो, हे आपल्याला खणून काढायची गरज नाही.

पोरगा तसा हार मानणारा नाही. त्यानं शेवटचा बाण काढला. "मग फुल्यांनी बळीराजा लिहिला, तो?"

बरोबर प्रश्न आहे आणि सोपा नाही. १८७३ ला 'गुलामगिरी' आली. जोतीरावांनी बळीचं राज्य उभं केलं हे खरं. पण त्यांनी भटांचीच पुराणं हातात घेतली आणि सगळ्यांदेखत उलटी करून दाखवली. तुमच्या दहा अवतारांत देव कोण आणि लुटारू कोण, ते तुमच्याच पोथीतून बघा म्हणाले. त्यांनी विहिरीत ताम्रपट पुरून मग तो 'सापडला' म्हणून सांगितलं नाही. आणि बाबासाहेब? १९४६ च्या शूद्रांवरच्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशानं बाहेरून येऊन दास जिंकले हा सिद्धान्तच खोडून काढला. आपल्या सभांना तो सिद्धान्त किती सोयीचा होता, तरी खोडला. १९४८ ला अस्पृश्यांच्या मुळाबद्दल लिहिताना दुवे तुटलेले होते. तिथं मी तर्कानं पूल बांधतोय, हे त्यांनी प्रस्तावनेत उघड लिहून ठेवलं. चूक निघाली तर काढा, असा तो दरवाजा आहे. चाकाच्या लेखाला असा दरवाजा नाही. तो लेख म्हणून छापला असता तर आपले लोक नाचले असते, आणि आठ दिवसांत कुणीतरी भोंगवलीला येऊन विचारलं असतं, चाक दाखवा. मग त्या पोराचं हसं, आपल्या अंकाचं हसं, आणि खैरलांजीवर आपण जे पुरावे गोळा करून लिहिलं त्याच्याकडंही बोट. 'हे तेच ना, चाकवाले?' आपल्याकडं दुसरं काय भांडवल आहे? पंचनामा, साक्ष, तारीख, नाव. कोर्टात आपण यावरच उभे राहतो. खोट्याचं भांडवल त्यांच्याकडं जास्त आहे, छापखाने जास्त आहेत, देवळं जास्त आहेत. त्या धंद्यात उतरलो तर आपण नेहमी गिऱ्हाईकच राहणार.

तो बराच वेळ पायानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "म्हणजे नाही छापणार."

मी म्हटलं, छापणार. कथा म्हणून. वर 'कथा' असं ठळक लिहून. कथेत तुला पाहिजे तेवढी राज्यं बसव, कुणाच्या बापाची चोरी नाही.

तो चिडला, जेवताना बोलला नाही. पण आठ दिवसांनी पाकीट आलं. चाक तसंच आहे. राजाही आहे, तो त्यानं सोडला नाही. पण विहीर खणणाऱ्या माणसाला, जो पहिल्या खर्ड्यात नुसता 'एक मजूर' होता, आता पूर्ण नाव आहे. आणि मधे चार पानं नवीन आहेत. राजाचा लाडका बैल मरतो. सगळा दरबार गोळा होतो, रडतो, आणि बैल तिथंच पडलेला. ती चार पानं या अंकातली सगळ्यात चांगली आहेत असं माझं मत आहे. बाकीच्या लेखकांनी राग मानू नये, मानला तरी चालेल.

जाताना तो फाट्यापर्यंत सोडायला आला होता. एस.टी.च्या खिडकीशी येऊन म्हणाला, "दादा, तरीपण एक राजा असता तर बरं वाटलं असतं." मी काही बोललो नाही. मलाही बरं वाटलं असतं.

आता काम. इनामगावला पंधरा वर्षं खणलं, म्हणजे रोजावर टोपली-कुदळ धरणारी माणसं आलीच. घोड नदीच्या आजूबाजूच्या वस्त्यांत त्यातले कुणी म्हातारे असतील, किंवा त्यांची मुलं. दायमाबादच्या बाजूलाही असतील. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, श्रीरामपूरच्या आपल्या मित्रांनी त्यांच्याकडं जावं, नीट विचारावं. रोज किती मिळायचा, पहिली वस्तू कुणाच्या कुदळीला लागली, पाय तोडलेला सांगाडा निघाला तेव्हा ते काय म्हणाले. नाव छापायला परवानगी असेल तरच नाव लिहावं. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहावं. दिवाळीच्या आत पाठवा. पोस्टकार्ड चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेलं चालेल. पत्ता शेवटच्या पानावर आहे.